तीन बोटं मावतात का?

दातांची काळजी म्हणजे सकाळचा ब्रश, एवढंच आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण तुमचे दात कसे असतील, हे तुम्ही ब्रश हातात घेण्याच्या कितीतरी आधी ठरायला लागतं. गावच्या पाण्यात, गेटसमोरच्या टपरीवर, चहाच्या कपात आणि घरच्या खिशात.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. आमचा पाच जणांचा ग्रुप कॉलेजसमोरच्या गाड्यावर पाणीपुरी खात होता. कोण जास्त खातं अशी पैज लागली होती. आमच्यातला एक मित्र, मूळचा चंद्रपूर जिल्ह्यातला, प्रत्येक पुरी आधी हातातच फोडायचा, अर्धी तोंडात टाकायचा, मग उरलेली. पाणी सगळं मनगटावरून खाली. आम्ही त्याला जाम चिडवलं. "अरे, तोंड उघड की नीट!" तो हसला आणि म्हणाला, "एवढंच उघडते बे."

आम्हाला तो जोक वाटला. तो जोक नव्हता.

आता तुम्ही एक करा. पेपर मांडीवर ठेवा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका अशी आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरा. तोंड पूर्ण उघडा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये ती घालून बघा. बहुतेकांची तीन बोटं मावतात. मावली? छान. दोनच मावत असतील आणि तुम्ही सुपारी, मावा, खर्रा, गुटखा यातलं काहीही खात असाल, तर हा लेख वाचून झाल्यावर दाताच्या डॉक्टरकडे जा. उद्यावर टाकू नका. माझ्या मित्राची दोन बोटंसुद्धा जेमतेम जात होती. त्याचं वय बावीस.

खरं सांगायचं तर हा लेख वेगळाच होणार होता. इंटर्नशिपच्या तिसऱ्या आठवड्यात सरांनी विषय दिला होता, 'दातांची निगा, पाच टिप्स, चारशे शब्द'. टिप्स मी काढूनही ठेवल्या होत्या. पण त्या संध्याकाळनंतर मी आजूबाजूच्या तोंडांकडे जरा नीट बघायला लागले. हा मित्र, माझी रूममेट, गावाकडची आजी आणि आरशातली मी. चार तोंडं, चार वेगवेगळी दुखणी. आणि 'ब्रश नीट केला नाही' हे एकाचंही पूर्ण उत्तर नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये तोंडाच्या आरोग्यावर एक जागतिक अहवाल काढला. त्यानुसार जगात सुमारे साडेतीनशे कोटी लोकांना दातांचा किंवा तोंडाचा काही ना काही आजार आहे. म्हणजे जवळपास प्रत्येक दुसरा माणूस. आणि यातले चारपैकी तीन जण मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आपल्यासारख्या. जगातली अर्धी माणसं आळशी आहेत आणि ब्रश करत नाहीत, असं तर नाही ना? मग भानगड काय आहे?

'सुपारीच तर आहे'

मित्राच्या गावाकडे घरी पाहुणा आला की पाण्यानंतर खर्रा पुढे येतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या कागदात घालून घासून घासून केलेला. तो आठवीत होता तेव्हा मोठ्या मुलांबरोबर पहिल्यांदा खाल्ला. बारावीपर्यंत दिवसाला दोन-तीन पुड्या. पुण्याला आला तेव्हा त्याने मोठ्या अभिमानाने तंबाखू सोडला आणि त्याऐवजी नुसती सुपारी सुरू केली. 'यात तंबाखू नाही, काही होत नाही बे,' हे त्याचं वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. आणि आम्हालाही ते पटलं होतं.

ते साफ चूक आहे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्येच सुपारीला, तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीलाही, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत पहिल्या गटात टाकलंय. सिगारेटचा धूर ज्या गटात आहे, त्याच गटात.

सुपारीतल्या अरेकोलिन नावाच्या द्रव्यामुळे गालाच्या आतल्या पेशी गरजेपेक्षा जास्त तंतू तयार करतात आणि तयार झालेले तंतू मोडण्याचं काम मंदावतं. आपला गाल आतून रबरासारखा मऊ असतो, तो हळूहळू चामड्यासारखा ताठ होत जातो. तोंड उघडायला गालच लागतो ना? तो ताणलाच गेला नाही, तर जबडा उघडणार कसा? या आजाराला डॉक्टर ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. त्याची सुरुवात तोंड बंद होण्यापासून होत नाही. सुरुवात होते तिखट झोंबण्यापासून. गालाचा आतला भाग पांढुरका पडतो, अधूनमधून फोड येतात. सावजी खाऊन मोठा झालेला आमचा हा पोरगा गेलं वर्षभर मिसळीत दही मागत होता. आम्ही म्हणायचो, पुणेरी झाला!

हा आजार काही नवा नाही. १९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय बायकांमध्ये तो पाहिला आणि लिहून ठेवला. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्यावर निबंध लिहिला आणि आज रूढ असलेलं नाव त्यातूनच आलं. तेव्हा तो बहुतेक मोठ्या वयाच्या लोकांचा आजार समजला जायचा. मग सुपारी एक-दोन रुपयांच्या चकचकीत पुडीत आली, शाळेच्या बाहेर लटकली, आणि आजार विशीत आला.

आता एक आकडा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ लोक तंबाखू वापरतात. त्यात बिडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के. तोंडात ठेवणारे, चघळणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के. आपल्याकडे तंबाखू म्हटलं की पोस्टरवर सिगारेट दिसते, पण आपला खरा तंबाखू गालात आहे.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांच्या आत, म्हणजे साधारण नव्वद मीटरमध्ये, तंबाखूचे पदार्थ विकायला २००३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. अठरा वर्षांखालच्यांना तर कुठेच विकता येत नाहीत. मी आमच्या गेटपासून पावलं मोजली. पहिली टपरी अठ्ठावन्नाव्या पावलावर आली. तुमच्या गेटपासून मोजून बघा.

मग सांगा, हा आजार माझ्या मित्राच्या 'सवयीचा' आहे, की पाहुणचाराचा, दोन रुपयांच्या पुडीचा आणि त्या अठ्ठावन्न पावलांचाही?

'ब्रश करत नाहीस का गं?'

माझी रूममेट यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आहे. तिच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे डाग आणि मध्ये तपकिरी पट्टे आहेत. ग्रुप फोटोत ती कायम ओठ मिटून असते. आमची ओळख नवीन असताना मीही तिला तो प्रश्न विचारला होता, जो तिला सगळेच विचारतात. ती काही बोलली नाही. नंतर माझ्या लक्षात आलं की ती माझ्यापेक्षा जास्त वेळ ब्रश करते. तिने कोळसा, मीठ, लिंबू, सोडा, सगळं घासून झालंय. डाग तसेच.

एकदा तिने मला चौथीच्या वर्गाचा फोटो दाखवला. शाळेच्या पायऱ्यांवर बसलेली वीसेक पोरं, सगळी मोठ्याने हसतायत, आणि अर्ध्याहून जास्त पोरांचे दात तिच्यासारखेच. "पुण्यात येईपर्यंत मला वाटायचं, दात असेच असतात," ती म्हणाली.

हे डाग पाण्याचे आहेत. खोल बोअरवेलचं पाणी खडकातलं फ्लोराइड घेऊन वर येतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५, असं आपलं भारतीय मानक सांगतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत ते यापेक्षा जास्त सापडलंय. कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हा, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, असं पाणी पोटात गेलं तर दाताचं वरचं कवच नीट घडत नाही. दात बाहेर येतो तो डाग घेऊनच. नंतर कितीही घासलं तरी तो जात नाही, कारण तो वर चिकटलेला नसतो, आतच घडलेला असतो. आणि असं पाणी वर्षानुवर्षं पीत राहिलं तर दुखणं दातांवर थांबत नाही, हाडं आणि सांधेही आखडतात.

गंमत बघा, हेच फ्लोराइड थोड्या प्रमाणात दातांचं रक्षण करतं. म्हणून तर टूथपेस्टमध्ये असतं. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स या शहराने १९४५ मध्ये पिण्याच्या पाण्यात मुद्दाम, मोजून फ्लोराइड घातलं आणि तिथल्या मुलांच्या दातांची कीड बरीच कमी झाली. आपल्याकडे त्याआधीच, १९३७ मध्ये, आजच्या आंध्र प्रदेशातल्या नेल्लोर भागात जास्त फ्लोराइडमुळे वाकलेली माणसं डॉक्टरांनी नोंदवली होती. पदार्थ एकच. कमी असेल तर कीड, जास्त झालं तर डाग. तुमच्या वाट्याला किती येणार, हे तुम्ही कुठल्या गावात जन्मलात त्यावर.

आणखी एक. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढतं. ते काढायला वेगळी पद्धत लागते. त्यातली एक, तुरटी आणि चुना वापरणारी 'नलगोंडा पद्धत', आपल्या नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने तयार केली. त्याहून सोपा उपाय म्हणजे पाण्याचा स्रोतच बदलणं.

रूममेटचा भाऊ तिच्याहून आठ वर्षांनी लहान. तो जन्मला त्याच्या आसपास गावात धरणाच्या पाण्याची नळ योजना आली. त्याचे दात पांढरे स्वच्छ आहेत. त्याने ना वेगळा ब्रश वापरला, ना वेगळी पेस्ट. घर तेच, आई तीच. फक्त पाणी बदललं.

गेल्या दिवाळीत तिला बघायला पाहुणे आले होते. जाताना त्यांनी तिच्या मावशीला हळूच विचारलं, मुलगी तंबाखू-बिंबाखू खाते का? हे सांगताना ती हसली. ओठ मिटून.

नऊ वेळा गोड

आता माझी पाळी. मी अहिल्यानगर जिल्ह्यातली, उसाच्या पट्ट्यातली. लहानपणी पाव्हण्यांच्या घरी गेलं की चहा-बिस्कीट व्हायचंच. तीच सवय हॉस्टेलवर आली. सबमिशनच्या दिवसांत एकदा मोजलं. सकाळचा चहा, कँटीनचा चहा, बिस्किटाचा पुडा थोडा थोडा करत, दुपारी कोल्ड्रिंक, रात्री जागायला कॉफी. दिवसभरात नऊ वेळा काहीतरी गोड तोंडात गेलं होतं.

दात किडतो तो साखरेने थेट नाही. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातांवरचं आम्ल वाढतं. पीएच ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजं विरघळायला लागतात. मग लाळ कामाला लागते, आम्ल धुते, खनिजं परत भरते. याला अर्धा-पाऊण तास लागतो. मी दर दीड तासाला एक बिस्कीट खात असेन तर लाळेला वेळ मिळणार कधी?

म्हणून किती साखर खाल्ली याच्याइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्वाचं असतं ते म्हणजे किती वेळा खाल्ली. हे सिद्ध झालं स्वीडनमध्ये, विपेहोल्म नावाच्या एका संस्थेत, १९४५ नंतरच्या काही वर्षांत. पण कसं, ते ऐकून अंगावर काटा येतो. तिथे राहणाऱ्या मतिमंद माणसांना चिकट टॉफी मुद्दाम, दिवसातून अनेकदा खायला घातल्या आणि त्यांचे दात किडताना मोजले. कुणी त्यांची परवानगी घेतली नव्हती. आज असा प्रयोग कुणी करू शकणार नाही, करूही नये. पण जेवणासोबत गोड खाल्लं तर कमी आणि मधल्या वेळी चिकट गोड खात राहिलं तर खूप जास्त कीड होते, हे ज्ञान आपल्याला त्या माणसांच्या किडलेल्या दातांतून मिळालंय.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी, जमल्यास पाच टक्क्यांपेक्षा कमी. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण सहा चमचे. तीनशे मिलिलिटरच्या एका कोल्ड्रिंकमध्ये साधारण आठ चमचे साखर असते. झाला दिवसाचा कोटा!

पण इथेही सगळं 'चॉइस' नसतं. आमच्या भागात दर हिवाळ्यात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. पहाटे आई-वडील फडात जातात. कोपीवर राहिलेल्या पोरांच्या हातात बऱ्याचदा कोरा गोड चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा असतो. दूध महाग, फळं त्याहून महाग. पाच रुपयांत पोट भरल्यासारखं करणारं दुसरं काय मिळतं? त्या पोरांना 'गोड कमी खा' सांगणं सोपं आहे. पाच रुपयांत दुसरं काय द्यायचं, ते सांगणं अवघड आहे.

आमच्या जिल्ह्यातल्या प्रवरेच्या काठी लोणीजवळ १९५० च्या सुमारास पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आज त्याच लोणीत दंतमहाविद्यालयही आहे. मी लहानपणापासून दोन्ही पाट्या बघितल्यात. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं!

तीनशे रुपये की नऊ हजार

माझ्या दाढेवर एक काळा ठिपका होता. फर्स्ट इयरला कॅम्पमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, भरून घे, पाच-सातशे रुपयांत होईल. मी म्हटलं, दुखत तर नाहीये. दोन वर्षांनी एका रात्री ती दाढ अशी ठणकली की मी रूमच्या भिंतीला डोकं टेकून पहाट केली. रूट कॅनल आणि कॅप मिळून नऊ हजार रुपये. पप्पांनी दिले, पण त्या महिन्यात घरात काय काय मागे पडलं ते मला माहीत आहे. आरोग्य विमा होता, पण दात भरणं, रूट कॅनल असले खर्च बहुतेक विम्यात बसतच नाहीत.

माझ्याच वर्गातली, दहावीनंतर गावात राहिलेली एक मैत्रीण. तिलाही तसाच ठिपका, तशीच दाढ. तिने तीनशे रुपयांत ती उपटून घेतली. एकोणिसाव्या वर्षी. कीड एकच, पण माझी दाढ आज तोंडात आहे आणि तिची नाही. यात आमच्या ब्रशचा काय संबंध?

आणि आमची आजी. तिचा हा विषय फार जुना. लग्न होऊन आली तेव्हा ती पंधराची. दाढ दुखायला लागली, डॉक्टर कोसभर सोडा, तालुक्यालाही नव्हता. सासूने मशेरी दिली. तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा आणि बोटाने दातांना लावायचा. तंबाखूने दुखणं जरा बधिर होतं, डोकं हलकं होतं, भूकही मरते. कामाच्या रगाड्यात तेवढीच पाच मिनिटं बसायला मिळायची, असं आजी म्हणते. दुखणं गेलं, मशेरी राहिली. दिवसातून चार-पाच वेळा. तिला ते व्यसन वाटतच नाही. ती म्हणते, "मी कुठं तंबाखू खाते गं? मी दात घासते."

दातांच्या पेस्ट आणि पावडरींत तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्ये बंदी केली. पण घरच्या तव्यावरच्या मशेरीला कुठली बंदी लागणार? आजीच्या हिरड्या मागे सरत गेल्या, दात हलत गेले आणि एकेक करून उपटले गेले. आमच्याकडे दाताला एकच उपचार होता, पक्कड! साठीच्या आत तिचं तोंड रिकामं झालं. भाकरी ती आता दुधात कुस्करून खाते. आणि मशेरी? ती हिरड्यांना लावते.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती. चांगल्या उपचारांची गरज जिथे सगळ्यात जास्त असते, तिथेच ते सगळ्यात कमी मिळतात. आपल्या दातांना हे तंतोतंत लागू पडतं. देशात तीनशेहून जास्त दंतमहाविद्यालयं आहेत. माझ्या हॉस्टेलच्या गल्लीत दाताचे तीन दवाखाने आहेत. आजीच्या गावापासून सगळ्यात जवळचा बावीस किलोमीटरवर. एक दाढ दाखवायची तर एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज, हे आधी.

मग करायचं काय?

'सगळं समाजाचंच आहे' म्हणून ब्रश फेकून द्यायचा नाही, प्लीज. दिवसातून दोनदा, दोन मिनिटं, फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश करायचाच, रात्री झोपण्याआधीचा तर चुकवायचाच नाही. थुंकल्यावर लगेच खळखळून चूळ भरू नका, पेस्टचं फ्लोराइड दातांवर थोडं राहू द्या. गोड खायचंच असेल तर जेवणासोबत खा, दिवसभर चघळत बसू नका. काळा ठिपका दुखायची वाट बघत नाही, तुम्हीही बघू नका. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट झोंबणं, हे दिसलं की दाखवा. पैसे हा प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंतमहाविद्यालयं आहेत. रांग मोठी असते, पण खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने फारच कमी.

पण एवढ्यावर थांबलं तर हा लेख पुन्हा पाच टिप्सचाच झाला. तुमच्यापैकी कितीतरी जण एनएसएसला आहेत. दरवर्षी शिबिराला एका गावात जाता, झाडं लावता, पथनाट्य करता. पुढच्या वेळी ग्रामपंचायतीत जाऊन पिण्याच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागा आणि त्यात फ्लोराइडचा आकडा बघा. गेटसमोरची टपरी नव्वद मीटरच्या आत असेल तर प्राचार्यांना लेखी कळवा. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली आणि त्यात किडलेल्या दातांचीही तपासणी आहे. तुमच्या गावच्या शाळेत ते पथक शेवटचं कधी आलं होतं, हे विचारायला काय जातंय?

बदल होतो. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा दारू आणि तंबाखू कमी करण्याचा कार्यक्रम चालतो. त्यात गावंच्या गावं मिळून खर्राविक्री बंद करायला बसतात. एकट्याने सोडणं आणि अख्ख्या गावाने मिळून सोडणं, यात फरक आहे. स्कॉटलंडमध्ये बालवाडीत रोज शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलं ब्रश करतात आणि त्याने तिथल्या मुलांची कीड कमी झाली. आपल्याकडे २०२३ मध्ये राज्य सरकारने 'स्वच्छ मुख अभियान' सुरू केलं, सचिन तेंडुलकर त्याचा चेहरा झाला. चेहरा चांगलाच आहे. आता ते आजीच्या गावापर्यंत बावीस किलोमीटर जायला हवं.

आईस्क्रीमच्या काड्या

पाणीपुरीनंतर दहा दिवसांनी मित्राला घेऊन मी सरकारी दंतमहाविद्यालयाच्या ओपीडीत गेले. तो यायलाच तयार नव्हता. "कॅन्सर निघाला तर?" हे त्याने पहिल्यांदा तेव्हा बोलून दाखवलं. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. वर्षभर तो हे एकटाच डोक्यात घेऊन फिरत होता आणि आम्ही त्याला चिडवत होतो.

तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही. फायब्रोसिस आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ताठ झालेला गाल पूर्वीसारखा होईल याची खात्री नाही, पुढे कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त राहणार, दर तीन महिन्यांनी यायचं. सुपारी आजपासून बंद. आणि व्यायाम. आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, थोडा वेळ थांबायचं, जमलं की एक काडी वाढवायची.

त्याने सुपारी दोनदा सोडली आणि दोनदा परत धरली. तिसऱ्यांदा त्याने तंबाखू सोडण्यासाठीच्या सरकारी मोफत हेल्पलाइनला, १८००-११-२३५६ ला फोन लावला. नंबर तुम्हीही सेव्ह करून ठेवा, मित्रासाठी तरी. आज त्याला शहात्तर दिवस झालेत. पहिल्या दिवशी अकरा काड्या जायच्या, आता चौदा जातात. पाणीपुरी अजून फोडूनच खातो. आम्ही सगळेच आता फोडून खातो.

हा लेख छापण्याआधी मी त्याला वाचून दाखवला. नाव टाकायचं नाही या अटीवर तो हो म्हणाला. आणि मग त्याने मला एक गोष्ट सांगितली. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने घरच्या सगळ्यांना तीन बोटांची टेस्ट करायला लावली. आई, काका, बारावीतली बहीण, सगळे हसत हसत तोंडात बोटं घालत होते. आईची तीन गेली. बहिणीचीही तीन गेली.

बाबांची दोनच गेली.

पुढच्या सोमवारी तो बाबांना घेऊन नागपूरला जातोय. तुम्ही आज घरी गेलात की जेवायला बसण्याआधी सगळ्यांना एकदा बोटं मोजायला लावा.